गुपित मालकाचे, दप्तर कोणाचे?

दोन कंपन्या एक होतात तेव्हा वृत्तपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर हस्तांदोलनाची छायाचित्रे झळकतात, भाग-विनिमयाचे प्रमाण ठळक अक्षरांत छापले जाते आणि शेअर बाजाराने या शुभवार्तेचे स्वागत कसे केले याची रसभरित चर्चा होते. त्या व्यवहाराचे कागद पुढे कोठे जातात, किती वर्षे राहतात, कोणाच्या आज्ञेने नष्ट होतात, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो कारकुनाचा प्रश्न समजला जातो. कामगार चळवळीनेही आजवर तो कारकुनावरच सोपविला आहे, आणि त्याची किंमत हजारो कामगार आपल्या म्हातारपणी मोजीत आहेत.

१८१८ साली पेशवाई बुडाली, परंतु तिचे दप्तर इंग्रजांनी जाळले नाही. ते त्यांनी पुण्यात जपून ठेवले. कारण इनामे व वतने खरी की खोटी हे पारखावयाचे, आणि जमल्यास खालसा करावयाची, तर त्याच कागदांचा आधार होता. पुढे इनाम कमिशनने त्याचा उपयोग कसा केला हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नवा धनी जुने दप्तर जपतो ते आपल्या लाभापुरते. कंपन्यांच्या विलीनीकरणात नेमके हेच घडते, फरक इतकाच की येथे लाभाचे नसलेले कागद नष्ट करण्याची सोयही करारातच लिहून ठेवलेली असते.

हा व्यवहार कसा पार पडतो ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. प्रथम दोन्ही बाजू गोपनीयतेचा करार करतात. मग विकली जाणारी कंपनी आपले सारे अंतरंग घेणाऱ्यापुढे उघडे करते. पूर्वी त्यासाठी एका बंद खोलीत फायली मांडीत. आता संगणकावरील ‘डेटा रूम’ असते आणि तिची किल्ली दोन्हीकडचे मोजके अधिकारी, वकील, हिशेबतपासनीस व गुंतवणूक-सल्लागार बँका यांच्याच हाती असते. या खोलीत करार असतात, कर्जे असतात, कोर्टकज्जे असतात, आणि कामगारही असतो. तो तेथे माणूस म्हणून नसतो, एका तक्त्यातील ओळ म्हणून असतो: वय, सेवेची वर्षे, पगार, ग्रॅच्युइटीचा बोजा, संघटनेशी झालेल्या कराराची मुदत, प्रलंबित दावे. या ओळींची बेरीज-वजाबाकी करूनच ‘सिनर्जी’ नावाचा आकडा काढला जातो. दोन ठिकाणी होणारे काम एका ठिकाणी आणि दोघांचे काम एकाकडून, एवढाच त्या भारदस्त शब्दाचा कामगारापुरता अर्थ.

व्यवहार फिसकटला वा पुरा झाला, की गोपनीयता करारातील नेहमीचे कलम पुढे येते: मिळालेली सर्व माहिती परत करावी किंवा नष्ट करावी, आणि नष्ट केल्याचा दाखला द्यावा. वकील व सल्लागार आपल्या बचावापुरती एक प्रत राखून ठेवण्याची मुभा बहुधा मागून घेतात. म्हणजे उद्या मालकांमालकांत तंटा झाला तर पुरावा शिल्लक राहावा, याची तजवीज झाली. ज्याच्या पोटावर तो आकडा बेतला होता त्याच्यासाठी कोणी प्रत राखीत नाही.

येथेच खरी मेख आहे. विलीनीकरणाची योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते तेव्हा तिच्यासोबत एक निवेदन जोडावे लागते. योजनेचा परिणाम कोणावर काय होईल हे त्यात सांगावयाचे असते. २०१६च्या नियमांत अशा घटकांची यादीच दिली आहे. प्रमुख व्यवस्थापक, संचालक, प्रवर्तक, भागधारक, ठेवीदार, धनको अशी ती उतरत जाते आणि कर्मचारी अगदी शेवटच्या ओळीत येतात. त्या ओळीसमोर ‘कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही’ असे एक गुळगुळीत वाक्य लिहिले की काम भागते. दोन वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती योजनेची सूचना कारखान्याच्या फाटकावर लागते. ते वाक्य लिहिले गेले त्या दिवशी कंपनीच्या मनात काय होते? किती माणसे कमी करावयाची हे तेव्हाच ठरले होते काय? या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी असू शकते, डेटा रूममधील त्या तक्त्यात. आणि तो तर करारानुसार, दाखल्यासह, नष्ट झालेला असतो.

कागद जपण्याचे महत्त्व राज्यकर्त्यांना कळत नाही असे नाही. गुंतवणूकदाराच्या खिशाला झळ लागली तेव्हा त्यांना ते चांगले कळले. मुंबईतलेच उदाहरण घ्यावे. २५ मार्च १९९६ रोजी हिंदुस्थान लिव्हर कंपनीने युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाकडून ब्रुक बॉण्ड लिप्टन इंडियाचे ८ लाख शेअर्स प्रत्येकी ३५० रुपये ३५ पैसे दराने विकत घेतले. या दोन्ही कंपन्या युनिलिव्हर या एकाच बहुराष्ट्रीय मातेची अपत्ये. पुढे महिनाही लोटला नाही तोच, १९ एप्रिल १९९६ रोजी, दोघींच्या विलीनीकरणाची वार्ता शेअर बाजाराला कळविण्यात आली. शेअर्स विकणारी युनिट ट्रस्ट म्हणजे शिक्षक, कारकून, निवृत्त लोक यांच्या बचतीवर उभी राहिलेली संस्था. विकणाऱ्याला जे ठाऊक नव्हते ते घेणाऱ्याला ठाऊक होते, असा निष्कर्ष सेबीने मार्च १९९८ मध्ये काढला आणि युनिट ट्रस्टला ३ कोटी ४ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनीने अपील केले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयातील अपील अधिकाऱ्यांनी तो आदेश फिरविला. विलीनीकरणाची कुणकुण वृत्तपत्रांतून आधीच सर्वांना लागलेली होती, सबब ती गुप्त माहिती म्हणता येत नाही, हा मुद्दा त्यांनी उचलून धरला. गंमत अशी की दाराआड जे जिवापाड जपले जाते, तेच न्यायासनापुढे ‘सर्वांना ठाऊकच होते’ या सदरात मोडू शकते!

या प्रकरणाचा धडा सेबीने घेतला. कोणाला काय व केव्हा ठाऊक होते हे सांगणारा कागदच नसेल तर कायदा आंधळा ठरतो, हे तिला उमगले. २००२ साली नियमांतील व्याख्या बदलण्यात आल्या, २०१५ मध्ये नवे नियम आले, आणि १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नोंदणीकृत कंपनीवर बंधन आले की अप्रकाशित माहिती ज्याच्या ज्याच्या कानावर घातली त्याचे नाव, वेळेच्या नोंदीसह, मागाहून बदलता येणार नाही अशा संगणकीय नोंदवहीत लिहून ठेवावे. ही वही व्यवहार पूर्ण झाल्यापासून निदान ८ वर्षे, आणि चौकशी सुरू झाली तर ती संपेपर्यंत, जपावी असे २०२० मध्ये त्यात घालण्यात आले. नियम चांगला आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु शेअर खरेदी-विक्रीत एखाद्याने चार पैसे अधिक कमावले तर त्याचा माग काढण्यासाठी जे राज्य एवढी कडेकोट व्यवस्था उभारू शकते, ते चारशे माणसांची रोजी बुडविण्याचा निर्णय केव्हा व कोणी घेतला याची नोंद ठेवण्यास असमर्थ आहे, यावर कोणी विश्वास ठेवावा?

कामगाराला या व्यवहारात स्थान काय, हेही लिव्हरच्याच इतिहासात पाहावयास मिळते. १९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्स ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याची योजना पुढे आली. टाटा ऑइलच्या १५ शेअर्सना लिव्हरचे २, असे प्रमाण ठरले. मक्तेदारी-नियंत्रण कायद्यातील पूर्वपरवानगीची अट १९९१ मध्येच काढून टाकण्यात आली होती. नव्या आर्थिक धोरणाची ती पहिल्या काही नजराण्यांपैकी एक. हिंदुस्थान लिव्हर एम्प्लॉईज युनियन ही लढाऊ संघटना या योजनेविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मूल्यांकन बरोबर नाही, भागधारकांना पुरेशी माहिती दिलेली नाही, साबण-धुलाईच्या बाजारात मक्तेदारी निर्माण होईल, लिव्हरच्या आधीच्या कामगारांना योजनेत संरक्षण नाही, असे आक्षेप घेण्यात आले. ऑक्टोबर १९९४ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. बहुसंख्य भागधारकांनी योजना मान्य केली आहे, टाटा ऑइलच्या नोकरांच्या सेवाशर्तींचे आश्वासन तीत आहे, न्यायालय काही मूल्यांकनाची बेरीज पुन्हा करीत बसणार नाही, असा त्या निकालाचा आशय. निकालाशी मतभेद असू शकतो. पण एक गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते: कामगारांची संघटना भांडत होती ती मालकाने दाखविले तेवढ्या कागदांवर. उरलेले तिला पाहावयास मिळण्याचा मार्गच नव्हता.

निदान त्या काळी तिला न्यायालयाच्या दारात उभे तरी राहता आले. त्याआधी, १९८२च्या डिसेंबरात, नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितले होते की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांनाही आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. न्या. भगवती व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कामगाराला कंपनीचा बाहेरचा माणूस मानण्यास नकार दिला. तो काळ मुंबईच्या गिरणी संपाचा होता. २०१३च्या कंपनी कायद्याने घड्याळाचे काटे उलटे फिरविले. आता विलीनीकरणाच्या योजनेस हरकत घ्यावयाची तर किमान १० टक्के भाग हवेत, नाहीतर थकीत कर्जाच्या किमान ५ टक्के येणे हवे. नोटीस कोणाकोणाला जाते? केंद्र सरकार, आयकर खाते, रिझर्व्ह बँक, सेबी, स्पर्धा आयोग, शेअर बाजार. कामगार संघटनेचे नाव कायद्याच्या अक्षरात नाही.

आता दप्तराच्या मुदतींकडे वळावे, कारण अन्यायाचे मोजमाप तेथे आकड्यांत मिळते. कंपनीच्या हिशेबवह्या ८ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. विलीन झालेल्या कंपनीचे दप्तर केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय नष्ट करता येत नाही, असे २०१३च्या कायद्याचे कलम २३९ सांगते. १९५६च्या कायद्यातही अशी तरतूद होती. परवानगी देण्यापूर्वी दप्तरात एखाद्या गुन्ह्याचा पुरावा आहे काय हे तपासण्यासाठी सरकार माणूस नेमू शकते. कागदावर हे संरक्षण भक्कम आहे. पण ते गिळल्या गेलेल्या कंपनीच्या दप्तराला आहे. गिळणाऱ्याच्या टिपणांना, सल्लागारांच्या मसुद्यांना, डेटा रूमला ते लागू नाही. आणि सरकारी तपासनीस शोधणार तो गुन्हा, कामगाराचा हक्क नव्हे. गुंडाळलेल्या कंपनीची गोष्ट आणखी सोपी: विसर्जनानंतर ५ वर्षे उलटली की एखादा कागद सापडत नाही म्हणून कोणावरही जबाबदारी उरत नाही, असे कलम ३४७ स्पष्टच म्हणते.

आणि कामगाराच्या पगाराची नोंदवही? १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने ती शेवटच्या नोंदीपासून ३ वर्षे जपण्याचे बंधन घातले होते. फक्त ३ वर्षे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. पण मधल्या दशकांत जे रद्दीत गेले ते कोणतीही संहिता परत आणणार नाही.

३ वर्षांच्या कागदावर माणसाने आयुष्यभराचा हक्क कसा शाबीत करावयाचा? कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. प्रत्यक्ष पगारावर अधिक निवृत्तिवेतन मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालाने अनेकांना मोकळा केला, तेव्हा पाव शतकापूर्वीच्या पगाराचा तपशील मालकांकडून मागविण्याची वेळ आली. तपशील भरण्यासाठी मालकांना मुदतीमागून मुदती देण्यात आल्या. ज्याची कंपनी मध्यंतरी एकदा विकली गेली, एकदा विलीन झाली, एकदा तिचा एक विभाग तोडून तिसऱ्याच्या गळ्यात बांधला गेला, त्या कामगाराने कोणाच्या दारी जावे? नवा मालक म्हणतो, ते दप्तर आमच्याकडे आलेच नाही. जुना मालक अस्तित्वातच नाही. गिरणी कामगारांच्या घरांचा अनुभव याहून निराळा नाही. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे ज्याला दाखवावयाचे आहे, तो म्हातारा, किंवा त्याची विधवा, किंवा गावाकडे परतलेला मुलगा, तिकीट नंबर आणि जुने ओळखपत्र पेटीच्या तळाशी शोधीत बसतो. गिरणीच्या जमिनीचा सात-बारा मात्र कधी हरवल्याचे ऐकिवात नाही.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्याने व्यापारी गुपितांना आडोसा दिला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ८(३)ने त्या आडोशाला मुदत घातली आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. घटना घडून २० वर्षे झाली की काही मोजके अपवाद सोडता माहिती द्यावी लागते, आणि व्यापारी गुपित त्या अपवादांत नाही. म्हणजे स्पर्धा आयोग, कंपनी निबंधक अशा शासकीय संस्थांकडे विलीनीकरणासंबंधी जे कागद दाखल झाले, त्यांचे गुपितपण २० वर्षांनी संपते. परंतु सेबीचे नियम ८ वर्षांची जपणूक सांगतात, हिशेबवह्यांनाही ८ वर्षेच. गुपित उघडण्याची वेळ विसाव्या वर्षी आणि कागद नष्ट करण्याची मुभा आठव्या वर्षी! या मधल्या १२ वर्षांत भारतातील भांडवलशाहीचा इतिहास निमूटपणे कचऱ्यात जातो. विसाव्या वर्षी दार उघडण्याचा हक्क नागरिकाला आहे, आत मात्र रिकामे कपाट.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला तेव्हा कामगाराच्या माहितीला तरी त्यात आश्रय मिळेल अशी आशा भाबड्यांना वाटली होती. त्याचे कलम १७ वाचावे. न्यायालय वा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी, विभाजनासाठी, उद्योगाच्या हस्तांतरणासाठी माहिती वापरावयाची असेल, तर या कायद्याची बहुतेक बंधने लागू होणार नाहीत. आपल्याविषयी कोणती माहिती कोणाला दिली हे विचारण्याचा हक्कही त्यात बुडतो. नियम २०२५च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदींच्या अंमलास १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. हक्क अजून पुरता जन्मला नाही, तोच त्याला अपवादाचे टाळे लागले.

यावर मालकवर्गाचे कैवारी तीन गोष्टी सांगतील. पहिली ही की गुप्तता नसेल तर बाजारात सट्टा माजेल. हे एका मर्यादेपर्यंत खरे आहे, आणि व्यवहार जाहीर होईपर्यंत गुप्तता पाळावी याला कोणाही समंजस माणसाची हरकत नसावी. पण जाहीर झाल्यावर, योजना मंजूर झाल्यावर, दोन कंपन्यांची एक होऊन दहा वर्षे लोटल्यावर सट्टा कशाचा? दुसरी गोष्ट साठवणुकीच्या खर्चाची. ज्या काळात पेट्याच्या पेट्या गोदामांत रचाव्या लागत तेव्हा या म्हणण्यात काही तथ्य होते. एका छोट्या डबीत सगळी डेटा रूम मावते अशा काळात ते म्हणणे निव्वळ बहाणा आहे. सल्लागारांच्या बिलांचा एक शतांशही त्याला लागणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत साळसूद: अधिक काळ माहिती जपणे म्हणजे कामगारांच्याच खाजगी जीवनावर अतिक्रमण! कामगाराची वैद्यकीय माहिती, बँक खाते, घरचा पत्ता घेणाऱ्या कंपनीच्या दहा सल्लागारांपुढे मांडताना ही हळवी जाणीव कोठे झोपली होती? खाजगी तपशील झाकून आकडे आणि निर्णय जपता येतात. सेबीची नोंदवही नावे जपूनच चालते.

मागण्या अवघड नाहीत. घेणाऱ्या कंपनीची मूल्यांकने, मनुष्यबळाविषयीची टिपणे आणि डेटा रूमची मोहोरबंद प्रत योजना मंजूर होताच न्यायाधिकरणाच्या ताब्यात जावी आणि २० वर्षे तेथे राहावी. या काळात कपात, स्थलांतर वा बंदी यांवरून वाद झाला तर औद्योगिक न्यायालयाला ती उघडता यावी. कामगारांच्या सेवेचे, पगाराचे व भविष्य निर्वाह निधीचे दप्तर नव्या मालकाने सही-शिक्क्याने ताब्यात घ्यावे, त्याची यादी संघटनेला द्यावी, आणि शेवटच्या कामगाराचे निवृत्तिवेतन ठरेपर्यंत ते जपावे. कलम २३९ खाली दप्तर नष्ट करण्याची परवानगी मागितली गेली, की त्याची जाहीर नोटीस कामगारांना मिळावी. ‘नष्ट करा’ हे कराराचे कलम या दप्तरापुरते निरर्थक ठरविणारी एक ओळ कंपनी कायद्यात घालावी.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. योजना मंजूर करताना कर्मचाऱ्यांच्या हस्तांतरणाविषयी आणि इतर आनुषंगिक बाबींविषयी आदेश देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला कलम २३२ ने आजच दिलेला आहे. दप्तराची अट त्यात बसू शकते. ज्या कारखान्यात विलीनीकरणाची बातमी येईल तेथील संघटनेने वेतनवाढीच्या मागणीपत्राबरोबर दप्तराचा अर्जही तयार ठेवावा, थकीत देण्यांच्या नात्याने धनको म्हणून उभे राहता येते काय हे वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि प्रत्येक सभासदाला आपल्या पगारपत्रकाच्या, निधीच्या पावत्यांच्या व ओळखपत्राच्या प्रती संघटनेच्या कचेरीत जमा करण्यास सांगावे. अर्ज योजना मंजूर होण्यापूर्वी दाखल झाला पाहिजे. मंजुरीनंतर जुनी कंपनी उरत नाही आणि नोटीस बजावण्यास पत्ताही उरत नाही.